गोव्यात क्रेटा इलेक्ट्रिक: रेंजचं सोडा, आधी अर्थिंग बघा

गाडी दारात आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, एका चार्जमध्ये किती जाते? मी म्हणतो, बाबा रे, पत्रादेवीपासून पोळेपर्यंत आख्खा गोवा हायवेने दीडशे किलोमीटरच्या आत संपतो, तुला जायचंय तरी कुठे? हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या यूट्यूबवाल्यांनी आपल्या डोक्यात भरलाय. रोज फोंडा-पणजी-म्हापसा करणाऱ्या माणसाला रेंजचं टेन्शन यायचं काही कारणच नाही. टेन्शन घ्यायचंच असेल तर घरच्या वायरिंगचं घ्या, आणि त्यातही अर्थिंगचं, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरचं. ते मात्र कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं, रिव्ह्यू म्हणा नाहीतर काय पण म्हणा.

आमच्याकडे ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक आहे, मोठ्या बॅटरीची, म्हणजे ५१.४ किलोवॉट-अवरची. किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या लाईट बिलावरचं युनिटच, घाबरण्यासारखं काही नाही. २०२५ च्या जानेवारीत ही गाडी बाजारात आली, लहान बॅटरी ४२ युनिटची आणि मोठी ही. लाँचच्या वेळी कंपनीचा सर्टिफाइड आकडा लहान बॅटरीला ३९० आणि मोठीला ४७३ किलोमीटर होता, पण तो टेस्टमधला आकडा, एसी लावून, घरचे सगळे भरून, आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर मोठीचे साडेतीनशेच्या आसपास धरून चाला. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा. घर सावईवेऱ्याच्या बाजूला कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) कडेला, ऑफिस पणजीत, बाणस्तारी पुलावरून येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. नेक्सॉन ईव्ही पण चालवून बघितली होती, चांगली गाडी आहे आणि आमच्या रस्त्यावर तीच जास्त दिसते, पण आई-बाबा मागे बसणार आणि डिकीत सामान कायम, म्हणून एक साईझ वर गेलो.

आता अर्थिंग. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर पेट्रोल पंपाच्या नळीसारखा नसतो की लावला आणि सुरू झाला. करंट सोडायच्या आधी तो अर्थ आहे का, नीट आहे का हे तपासतो, आणि पटलं नाही तर लाल दिवा लावून गप्प बसतो. आपली जुनी घरं बघा, चिऱ्याच्या भिंती, वर नळे (कौलं), बाबांच्या लहानपणी कधीतरी ओढलेली वायर, प्लगला तिसरं भोक असतं पण त्याच्या मागे वायर असेलच याची गॅरंटी नाही. फ्रीज त्यावर वर्षानुवर्षं चालतो, मिक्सर चालतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला. चार्जर बसवणारे सांगतात की हा व्होल्टेज दोन-तीनच्या आत हवा, आमचा बराच वर. बाबा बाजूला उभे, त्यांचं म्हणणं चाळीस वर्षं या घरात कोणाला शॉक लागला नाही, मग आत्ताच काय झालं.

कारण साधं आहे. आपली जमीन जांभ्याची, पावसात भिजली की ठीक, पण मार्च-एप्रिलनंतर चिरा कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या दगडातून करंट जमिनीत जायला तयार होत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये बसवलेला चार्जर मे महिन्यात तक्रार करायला लागतो आणि माणूस गाडीला शिव्या घालतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने (वयस्कर माणूस आहे, मी त्यांना काकाच म्हणतो) अंगणात खड्डा मारायलाच नकार दिला. ते कुळागरात फिरून आले, पोफळींना पाणी सोडायचा पाट जिथून जातो तिथे पायाने माती उकरून बघितली आणि म्हणाले, इथे. बारा महिने ओल. तिथे तांब्याचा मुलामा दिलेला रॉड ठोकला, भोवती ओल धरून ठेवणारी पावडर भरली, आणि तिथून जाड वायर पोर्चपर्यंत आणली. वायरचा खर्च वाढला खरा, पण भर मे महिन्यातही दिवा हिरवाच राहिला. तुमच्याकडे कुळागर नसेल तर न्हाणीचं किंवा भांडी घासायचं पाणी जिथे जातं त्याच्या जवळची जागा बघा. आणि मीटर उन्हाळ्यात लावून बघा, पावसाळ्यात सगळंच छान दिसतं.

थ्री फेज घ्यायचं का? क्रेटाला ११ किलोवॉटचा घरचा चार्जर मिळतो, त्यावर जवळजवळ रिकामी गाडी साधारण पाच तासांत भरते, पण त्याला थ्री फेज कनेक्शन लागतं आणि लोड वाढवून घ्यावा लागतो, त्याचे अर्ज आणि फेऱ्या आल्याच. आम्ही केलं कारण विहिरीच्या पंपासाठी तसंही करायचं होतं. पण खरं सांगायचं तर रोजच्यासाठी त्याची गरज नाही हो. साठ किलोमीटरला नऊ-दहा युनिट जातात, साधा १५ अँपिअरचा प्लग तासाला तीनेक युनिट देतो, म्हणजे रात्री जेवून लावली की झोपेतच झालं काम. फक्त संध्याकाळी सातला लावू नका, त्या वेळी गावात सगळ्यांचे पंखे-एसी-मिक्सर एकदम चालू असतात आणि व्होल्टेज पडलेला असतो. अकरानंतरचं टायमिंग सेट करून ठेवा. आणि चार्जरच्या बोर्डात सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं यंत्र, टाकून घ्याच, मे महिन्यातला आणि ऑक्टोबरमधला गडगडाट काय असतो ते आपल्याला सांगायला नको.

शेजारचे काका रोज गेटवर उभे राहून विचारतात, "कितलो करंट खाता रे ही?" तर हिशोब असा. युनिटला साडेसहा किलोमीटर धरले आणि बिलातल्या वरच्या स्लॅबचा दर लावला तरी किलोमीटर रुपयाच्या आसपास पडतो. याच साईझच्या पेट्रोल गाडीला आपल्या रस्त्यांवर सात-आठ रुपये लागतात. पण हे गाडी रोज चालणार असेल तर. तुमची गाडी फक्त रविवारी मंगेशीला आणि कधीतरी मडगावला जात असेल तर वरचे जे काही लाख देता ते वसूल व्हायला जन्म जाईल, तेव्हा पेट्रोलच बरी. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्केच आहे, तरीही किंमत काही कमी नाही, लाँचच्या वेळी सुरुवातच १७.९९ लाख एक्स-शोरूम होती. छपरावर सोलर असेल तर हिशोब अजून सुधारतो, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉट आणि त्याच्या वर ७८ हजार सबसिडी आहे, पण नळ्यांच्या घरावर पॅनल बसवणं म्हणजे वेगळंच प्रकरण आणि जून-जुलैमध्ये सूर्य दिसतोच कुठे.

चालवायला? एका शब्दात मस्त. मोठ्या बॅटरीवाली १७१ पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) आहे, फर्मागुडीच्या चढावर पुढे वाळूचा ट्रक असला की आधी गियर, आवाज, प्रार्थना असं सगळं चालायचं, आता नुसता पाय दाबायचा. उतरताना तर ब्रेकला पाय लागतच नाही, स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजन (मोटरच गाडी धरते आणि वीज बॅटरीत परत भरते ते) वाढवायचं आणि गाडी आपोआप धरून उतरते. फक्त आय-पेडल (पाय उचलला की गाडी आपोआप थांबते तो मोड) लावून चालवताना पाय हलका ठेवा, नाहीतर मागे बसलेली मुलं माना हलवत हलवत ओकायला तयार होतात, आमची धाकटी तर घाटात पहिल्याच वळणाला. गियरची दांडी स्टिअरिंगच्या मागे आहे, पिळायची, बाबांना ती वायपरची वाटते अजून.

मागची सीट, हा मुद्दा मोठ्या माणसांसाठी महत्त्वाचा. पेट्रोल गाडीच्याच सांगाड्यात बॅटरी जमिनीखाली घातलेल्या कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीत मागचा फ्लोअर थोडा वर येतो, गुडघे वर राहतात आणि मांडीखाली आधार कमी मिळतो. मुलांना काही फरक पडत नाही. आईला पणजीपर्यंत काही वाटत नाही, पण बेळगावपर्यंत पाय अवघडतात, त्यामुळे लांबच्या प्रवासात ती पुढे आणि मी मागे मुलांच्या मधे. घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मागे बसवा आणि अर्धा तास फिरवा, शोरूमच्या आवारात दोन मिनिटं बसवून काही कळत नाही.

एडास लेव्हल २, म्हणजे पट्टे आणि पुढची गाडी बघून स्टिअरिंग-ब्रेकला मदत करणारी यंत्रणा, आहे म्हणून सेल्सवाला खूप कौतुक करतो. नव्या झुआरी पुलावर आणि पणजीच्या अटल सेतूवर छान चालतं. आमच्या गावच्या रस्त्यावर ना पट्टे ना कडा, मधे बसलेली गुरं, समोरून पोदेर (पाववाला) सायकलवर पावाची टोपली घेऊन, तिथे ते बंदच बरं. गाडीला फारसा आवाज नाही हे मात्र लक्षात ठेवावं लागतं, वाड्यावरच्या अरुंद रस्त्यात चालणारी माणसं बाजूला होत नाहीत कारण त्यांना कळतच नाही मागे काही आहे.

डिकी ४३३ लिटर लिहिलीय, लिटरमध्ये आपल्याला काय कळतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी माशेलच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं, सामान आणलं तेव्हा कळलं. केळ्यांचा आख्खा घड आडवा, असोले नारळ, सुपारीचे कातरे, तवशी, माट्टीची फळं, चिबूड, आंबाड्यांची फांदी, कांगलां, सगळं मागे गेलं आणि सीट पाडावी लागली नाही. पुढच्या बॉनेटखाली २२ लिटरचा छोटा कप्पा आहे, त्यात बायकोने फटाके आणि उदबत्त्या ठेवल्या, कोरड्या राहिल्या. त्याच चवथीला आरतीच्या ऐन वेळी लाईट गेली, जी जातेच, आणि गाडीच्या आतल्या व्हीटूएल सॉकेटमधून (गाडीच्या बॅटरीवर घरची उपकरणं चालवायचा प्लग) एक्स्टेंशन खिडकीतून आत घेऊन माटोळीवरची माळ आणि दोन पंखे चालवले, घुमट-शामेळ वाजवणारे घामाघूम होते, ते सगळे त्या दिवसापासून गाडीचे फॅन. फक्त हे एक्स्टेंशनवरच करा. कोणी हुशार सांगेल की उलटी पिन करून घराच्या बोर्डालाच जोडू, तर त्याला घरी पाठवा, लाईनवर काम करणारा माणूस मरेल.

आता गोव्याबाहेर, कारण तिथेच खरी परीक्षा. बेळगावला चोर्ल्याने जाताना लोक म्हणतात घाट बॅटरी खाऊन टाकतो. खातो, पण किती ते बघा. माणसं आणि सामान धरून गाडी जवळजवळ दोन टन, बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर वर, तेवढं वजन तेवढं वर उचलायला शास्त्राप्रमाणे चारेक युनिट लागतात. म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरचा माल जास्त गेला, एवढंच. आणि येताना त्यातला बराचसा रीजनमधून परत मिळतो, घाटाखालच्या साखळी गावात उतरेपर्यंत टक्के हलत नाहीत हे बघून बाबांना वाटलं मीटर बिघडला. एकच काळजी, आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर राहायला गेलात आणि हॉटेलवर रात्रभर लावून १०० टक्के भरली, तर सकाळी उतरताना रीजनला जागाच नसते, सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ऐंशीवर थांबवा.

बाहेरचे फास्ट चार्जर हा वैतागाचा भाग आहेच. ५० किलोवॉटच्या डीसी चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना तासभर, हे चार्जर चालू असेल तर. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात पैसे आधी भरून ठेवायचे, एका ठिकाणी ॲप म्हणतं मोकळा आहे आणि तिथे पेट्रोलची गाडी आडवी लावून माणूस जेवायला गेलेला. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत तर किनारपट्टीच्या चार्जरकडे फिरकूच नका, बाहेरच्या नंबरच्या गाड्यांची रांग असते. आम्ही त्या आठवड्यात घरीच चार्ज करतो आणि तसंही कळंगुटला जाणार कोण त्या दिवसांत.

४२ की ५१.४ विचाराल तर, गोव्यातच फिरणार असाल तर लहान बॅटरी पुरून उरते, वाचलेल्या पैशातून वायरिंग बदला. बेळगाव-कोल्हापूर वारंवार असेल, सोयरे-धायरे घाटावर असतील, तर मोठी. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायची परवानगी लेखी घ्यावी आणि मगच शोरूमची पायरी चढावी, तोंडी "घे रे, काय प्रॉब्लेम नाही" म्हणणारे सेक्रेटरी पुढच्या मीटिंगला बदललेले असतात.

पावसाचं लोक विचारतात. या गाड्यांच्या बॅटरीला आयपी६७ रेटिंग असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असं टेस्ट केलेलं, म्हणून मुद्दाम पुरात घालायची नाही, पण पावसात चालवायला आणि चार्ज करायला काही अडचण नाही. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पिना काळवंडतात, झाकण उघडं टाकू नका, किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तर नाहीच. आणि पोर्चमध्ये चार्जर बसवलात तर त्याच्यावर आणि पश्चिमेच्या बाजूने पण पत्रा मारून घ्या, आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी फक्त वरून मारला होता आणि जुलैमधला पाऊस आडवा येतो.