चौथ्या ए-पाशी आलेख वाकला एकदाचा

डीएनएमधून विद्युतभार किती लांब पोचतो याच्या माझ्या संगणकी मॉडेलमध्ये ज्या सरळ रेषेने डोकं उठवलं होतं, तिला अखेर कोपर फुटलं! आणि नेमकं हवं तिथेच. गीझे यांच्या गटाने 2001 मध्ये प्रयोगातून दाखवलेलं वळण मॉडेलमध्ये दिसतंय. म्हणजे होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धनभारित जागा) जी-वरून, म्हणजे ग्वानीन बेसवरून, निघालं की मधल्या ए-टी (ॲडेनीन-थायमीन) जोड्या तीनपर्यंत असताना पलीकडच्या ट्रिपल-जीपर्यंत (सलग तीन जी) पोचण्याचं प्रमाण दर जोडीगणिक धाडकन घसरतं. त्यापुढे हा मधला पूल सोळा जोड्यांचा केला तरी फारसा फरक पडत नाही.

टनेलिंगची, म्हणजे होलने पुलावर न थांबता थेट पलीकडे जाण्याची, बाजू पहिल्यापासून सुरळीत होती. बीटा (अंतरानुसार वेग किती झपाट्याने घटतो ते) 0.6 प्रति अँगस्ट्रॉम, दोन बेसमधलं अंतर 3.4 अँगस्ट्रॉम, म्हणजे दर जोडीमागे वेग साधारण एक अष्टमांश. घोडं अडलं होतं हॉपिंगपाशी, म्हणजे एकेका बेसवर उड्या मारत जाण्यापाशी. होल आधी ए-वर चढलं पाहिजे, मगच ते ए-ए-ए करत पुढे सरकणार. माझ्याकडे ते चढतच नव्हतं, त्यामुळे नऊ-दहा जोड्यांपर्यंत रेषा सरळच्या सरळ.

पहिला संशय ए-ए कपलिंगवर, म्हणजे शेजारच्या दोन ए-मधल्या इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या ताकदीवर. याच्या प्रसिद्ध झालेल्या किमती एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. 0.03 इलेक्ट्रॉनव्होल्टपासून खाली एक तृतीयांशापर्यंत सगळ्या घालून पाहिल्या. कपलिंगचा वर्ग होतो, म्हणजे दरात नऊपट फरक, म्हणजे वाकाची जागा जेमतेम एका जोडीने इकडेतिकडे. मग लॅम्डा, म्हणजे होल हलताना रेणू आणि भोवतालच्या पाण्याला नव्याने जुळवून घ्यायला लागणारी ऊर्जा. तो बदलला की टनेलिंग आणि हॉपिंग दोन्ही जवळपास सारखेच हलतात, गुणोत्तर तिथल्या तिथे. (लॅम्डाची गोष्ट इथे संपत नाही, खाली येतोच.)

उरली जी आणि ए मधली ऊर्जेची दरी, आणि खरी गोम तिथे होती. वायुरूप अवस्थेतल्या आयनीभवन ऊर्जा घेतल्या तर जी 7.77, ए 8.26, दरी साधारण 0.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट. खोलीच्या तापमानाला केटी (उष्णतेच्या ऊर्जेचं माप) 0.0257. भागाकार करून घातांक काढा: ए-वर चढण्याची शक्यता अब्जात चार! इतक्या दुर्मीळ घटनेला टनेलिंग नऊ जोड्यांपर्यंत सहज हरवणार. उलट पाण्यातली ऑक्सिडेशन विभवं (इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारा व्होल्टेज) जी-साठी 1.29 आणि ए-साठी 1.42 व्होल्ट आहेत. दरी फक्त 0.13, शक्यता हजारात सहा, आणि वाक थेट दुसऱ्या-तिसऱ्या जोडीदरम्यान. पण ही विभवं सुट्या न्यूक्लिओसाइडची (साखरेला जोडलेल्या एकट्या बेसची). हेलिक्समध्ये शेजारी कोणता बेस रचलाय यावरही दरी ठरते, म्हणून 0.13 ते 0.3 हा पट्टा चाळला. 0.2 ला चढण्याची शक्यता दहा हजारात चार येते. चार जोड्यांचं टनेलिंग म्हणजे आठाच्या चौथ्या घाताचा व्यस्त, 4096 मध्ये एक, दहा हजारात अडीच. तिसऱ्या जोडीपर्यंत टनेलिंग पुढे, चौथीला हॉपिंगने गाठलं. हा आकडा कागदावर उतरला तेव्हाचा आनंद औरच.

साधनांबद्दल एक सांगतो. या कामाला गिलेस्पीच्या, म्हणजे यादृच्छिक आकड्यांनी एकेक उडी खेळवणाऱ्या पद्धतीच्या, मागे लागू नका. होल ए-वर जातं, लगेच जी-त घसरतं, पुन्हा जातं, पुन्हा घसरतं, आणि तुमचे सगळे यादृच्छिक आकडे या सापशिडीतच खर्च होतात. वीसेक जागांची साखळी आहे, दरांचं मॅट्रिक्स मांडा आणि रेषीय समीकरणं सोडवा. उत्तर क्षणात, गोंगाट शून्य. वेळेनुसार वक्र हवा असेल तर ताठर (अतिजलद आणि अतिसंथ बदल एकत्र असलेल्या) समीकरणांचा सॉल्व्हर घ्या, साधी रुंगे-कुट्टा पद्धत इथे रांगते.

पुढचा बेत जी-सी (ग्वानीन-सायटोसीन) साखळ्यांचा होता. ताओ यांच्या गटाने 2004 मध्ये पाण्यात एकेक रेणू मोजून दाखवलं की जी-सीची वाहकता लांबीच्या व्यस्त प्रमाणात उतरते, आणि मध्ये ए-टी घातले की घातांकी, बीटा 0.43. तुलनेला हाच संच घ्यावा असं माझं मत. 1999 ते 2001 मध्ये डीएनए कुणाला उत्तम वाहक, कुणाला अर्धवाहक, तर कुणाला चक्क अतिवाहकतेला साथ देणारं दिसलं. त्या कोरड्या नमुन्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

पण हे लिहिता लिहिता आलेखाच्या शेपटीकडे पुन्हा पाहिलं. प्रयोगात ती जवळपास सपाट आहे, माझी मात्र हळूहळू उतरतेय, लांबीच्या व्यस्त प्रमाणात. कारण माझं होल पुलावर भटकताना मागे जी-त परतायला तितकंच मोकळं आहे. ए-ए उडी परतीच्या उडीपेक्षा बरीच जलद असेल, तरच शेपूट सपाट होईल. होल तीन-चार ए-वर पसरलेलं असेल तर त्या उडीचा लॅम्डा कमी हवा, आणि मी सगळ्या उड्यांना एकच लॅम्डा दिलाय. तेव्हा जी-सी थांबेल. आधी ए-ए-ला वेगळा लॅम्डा देऊन मॅट्रिक्स पुन्हा चालवतो. त्यात वाक चौथ्यावरून सरकला तर 0.2 चाही पुनर्विचार करावा लागेल. कुणी पसरलेल्या होलसाठी लॅम्डा किती घ्यावा याचा हिशेब केला असेल तर पाठवा, तोवर मी अर्ध्यापासून सुरुवात करतो.