वजा पाच

गाडीमागे ओढत आणलेलं ट्रेलर-घर माझ्या आवारात उभं केलं आणि एक गृहस्थ गाडीतून खाली उतरले. पहिलंच वाक्य बोलले, "बॅटऱ्या बदलून द्या. दोन वर्षांत ही तिसरी जोडी." मागोमाग त्यांच्या पत्नी उतरल्या. त्या म्हणाल्या, "बदला, पण आधी हे सांगा, पहाटे तीनला सगळं बंद का पडतं? यांचं मशीन थांबलं की मी नुसती यांच्या श्वासाकडे बघत बसते."

मशीन म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकावर मास्क लावून चालवायचं यंत्र. ते इन्व्हर्टरवर चालायचं. बॅटरी उतरत आली की आधी हीटरच्या पंख्याचा आवाज जड व्हायचा, मग इन्व्हर्टर किंचाळायचा, मग सगळं शांत. वीज मिळणाऱ्या जागी मुक्काम असला तर काही अडचण नसायची. पण विजेविना सलग दोन रात्री काढल्या, की दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास हमखास हा प्रकार.

मी कॅराव्हॅन आणि ट्रेलर-घरांच्या विजेचं काम करतो. "बॅटरी बदलून द्या" हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि ते ऐकलं की मी आधी मीटर उचलतो, पाना नंतर. बॅटरी आपणहून क्वचितच मरते. बहुतेक वेळा ती उपासमारीनं मरते.

पुढच्या दांड्यावरची पेटी उघडली. १०० अँपिअर-अवरच्या, म्हणजे एक अँपिअर शंभर तास देतील एवढ्या, दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या समांतर जोडलेल्या होत्या. पाण्याची पातळी उतरून काही सेलमध्ये प्लेटा उघड्या पडायला आल्या होत्या. सगळी जोडणी सोडवून थोडा वेळ थांबलो आणि व्होल्टेज घेतलं: ११.९. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.१ च्या आसपास ती अर्ध्यावर आलेली असते. प्लेटा झाकतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं. चार्जिंग होताना पातळी वर येते, म्हणून पूर्ण भरणा चार्जिंगनंतरच करायचा. पाणी मिसळेपर्यंत थोडं चार्जिंग दिलं आणि मग हायड्रोमीटर काढला, सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायचा; सेल जेवढा भरलेला तेवढा आकडा मोठा. दोन बॅटऱ्यांचे मिळून बारा सेल. बाराही जवळपास सारखे, १.१५० च्या आगेमागे.

मला हवी ती खूण इथे मिळाली. एखादा सेल मेला असता तर तो बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला असता आणि बॅटरी खराब म्हणून मी मोकळा झालो असतो. पण बाराही सेल एकसारखे रिकामे, म्हणजे दोष बॅटरीत नव्हता. त्यांच्यापर्यंत पुरेसं काही पोचतच नव्हतं. गृहस्थांना तसं सांगितलं तर ते चिडले. "रोज पाच-पाच तास गाडी चालवतो मी. संध्याकाळी बघतो तेव्हा आतल्या पॅनलवरचे चारही दिवे लागलेले असतात!"

त्या चार दिव्यांबद्दल मला मनापासून राग आहे. ते फक्त व्होल्टेज बघतात. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच थांबलेलं असताना व्होल्टेज फुगलेलं असतं, आत माल असो वा नसो. तासभर काही न जोडता ठेवा, मग दिवे बघा, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

गाडी ट्रेलरला जोडून इंजिन सुरू करायला लावलं. गाडीच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट. ट्रेलरच्या बॅटरीवर १२.९. मधल्या मध्ये सव्वा व्होल्ट गायब. वायर न तोडता करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर चार्जिंगच्या वायरीवर अडकवला तर जेमतेम ४ अँपिअर. दोनशे अँपिअर-अवरच्या भुकेल्या जोडीला चार अँपिअर म्हणजे रांजण चमच्यानं भरणं.

हा व्होल्ट शोधायची एक सरळ पद्धत आहे आणि ती मला फार आवडते, कारण त्यात अंदाज नसतो. करंट वाहत असताना मीटरचं एक टोक गाडीच्या टर्मिनलवर, दुसरं ट्रेलरच्या त्याच टर्मिनलवर. मीटर जे दाखवेल तेवढं त्या वाटेत सांडतंय. पॉझिटिव्हच्या वाटेत ०.२. निगेटिव्हच्या वाटेत पूर्ण १ व्होल्ट. म्हणजे अर्थची जोडणी, चासीतून करंट परत यायची वाट, खराब. लोक पॉझिटिव्हची वायर तपासतात, फ्यूज तपासतात, अर्थकडे कोणी बघत नाही, जणू करंट परत यायलाच नको असतो. मी खाली वाकून बघितलं. अर्थच्या वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, म्हणजे लग, चासीला ज्या बोल्टनं कसला होता, तिथला रंग कोणी कधी खरवडलाच नव्हता. रंगावर लग, वर गंज. प्लगची अर्थची पिनही काळी पडली होती, आजूबाजूचं प्लास्टिक उष्णतेनं वितळून ओघळलेलं.

तेवढ्यात माझ्या हातातल्या क्लॅम्प मीटरवरचा आकडा बदलला. ४ होता, तो झाला वजा ५.

मला वाटलं क्लॅम्प सरकला. पुन्हा नीट लावला, बाण बॅटरीकडे आहे ना ते बघितलं. वजा ५. गाडीचं इंजिन चालू, इंजिनावर वीज तयार करणारा आल्टरनेटर चालू, आणि ट्रेलरच्या बॅटरीतून करंट बाहेर चालला होता. मी ओरडून विचारलं, "आत कोणी काही लावलं का?" बाई दारात आल्या. म्हणाल्या, "गाडी सुरू झाली म्हणून फ्रिज बॅटरीवर टाकला. प्रवासात आम्ही असंच करतो. माझं इन्सुलिन असतं ना त्यात."

फ्रिज तीन प्रकारे चालणारा होता: गॅसवर, घरच्या विजेवर आणि १२ व्होल्टवर. कॉम्प्रेसर नसलेला, उष्णतेवर चालणारा. १२ व्होल्टवर त्याच्या आतली तापणारी कॉइल सतत १२ अँपिअर ओढत होती. एवढा करंट त्या गंजलेल्या अर्थमधून गाडीकडून येऊच शकत नव्हता. जेवढा येत होता तेवढा फ्रिज घेई, उरलेला बॅटरीतून काढी. पाच तासांचा प्रवास म्हणजे पंचवीस अँपिअर-अवर कमी. हे दोघं आजवर समजत होते की गाडी चालली की बॅटरी भरते. ती भरत नव्हती, त्याच पाच तासांत आणखी उतरत होती. संध्याकाळी पोचल्यावर गाडी बंद करण्याआधी ते फ्रिज गॅसवर टाकत आणि मग पॅनल बघत. फ्रिज निघाला की व्होल्टेज पुन्हा १२.९, चारही दिवे लख्ख.

मी दोघांना आत टेबलाशी बसवलं आणि कागदावर हिशेब मांडला. हीटरचा पंखा ७ अँपिअर, थंडीच्या रात्री नऊ तासांतला तिसरा हिस्सा चालला तरी २१ अँपिअर-अवर. श्वासाचं मशीन, त्यातली हवा दमट ठेवणारी गरम टाकी आणि इन्व्हर्टर धरून ४ अँपिअर, आठ तास, ३२. गॅसचा अलार्म, फ्रिजचं कंट्रोल कार्ड, रेडिओची मेमरी असे न दिसणारे खाणारे मिळून ०.७ अँपिअर, पण चोवीस तास, म्हणजे १७. दिवे आणि पाण्याचा पंप ५. एकूण ७५. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार नेऊ नये, म्हणजे नव्या जोडीतही हाताशी १००. रोज ७५ काढायचे, परत भरायचं काहीच नाही, उलट प्रवासात २५ आणखी जायचे. दुसऱ्या रात्रीचे तीन वाजणारच. गृहस्थ कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळू म्हणाले, "म्हणजे त्या चारही बॅटऱ्या चांगल्या होत्या."

चांगल्या होत्या. त्याचंच मला वाईट वाटतं. गास्ताँ प्लांतेनं १८५९ साली पहिली लेड-ॲसिड बॅटरी केली, आणि आतला खेळ अजून तोच आहे: करंट देताना प्लेटांवर लेड सल्फेट धरतं आणि चार्ज करताना ते विरघळून जातं. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट ठेवली तर त्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग ते पुरते जात नाहीत. आधीच्या दोन जोड्या अशाच खडे धरून गेल्या असणार.

"मग लिथियम टाकू का?" हे त्यांनी विचारलंच. लिथियम आयर्न फॉस्फेट उत्तम आहे, हलकं, आणि त्यातला बराच मोठा भाग वापरता येतो. पण मेलेल्या अर्थमधून त्यालाही उपाशीच राहावं लागलं असतं. शिवाय सेल शून्य अंशाखाली असताना ते चार्ज करायचं नाही, आणि यांची पेटी बाहेर उघड्यावर. वाट नीट होईपर्यंत बॅटरीचा प्रकार बदलण्यात अर्थ नव्हता.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मी आवर्जून तपासली. ट्रेलर चुकून गाडीपासून सुटला तर एक दोरी खेचली जाऊन पिन निघते आणि ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतात. बॅटरीच्या या स्थितीत तेव्हा काय झालं असतं हे कळावं म्हणून गाडीचा प्लग काढला आणि पिन खेचली. चाकांतल्या मॅग्नेटची घरघर ऐकू आली, पण दुबळी, आणि व्होल्टेज ढासळत गेलं. हे मी गृहस्थांना जवळ उभं करून ऐकवलं. बंद पडलेलं मशीन निदान झोपलेल्याला जागं करतं, ही उतरलेली बॅटरी मात्र नेमक्या त्या क्षणीच कळली असती.

दुपारभर अर्थ केला. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, नवा लग, दातेरी वॉशर, वर ग्रीस, प्लग आणि सॉकेट दोन्ही नवे. मोजलं: फ्रिज बंद असताना ११ अँपिअर, फ्रिज चालू असताना ६. वजा पाचाचे अधिक सहा झाले. माझ्या सहकाऱ्याला तेवढ्यावर समाधान वाटलं. मला नाही. पाच तासांचे तीस, आणि खर्च पंचाहत्तर. शिवाय मूळ वायर ४ चौरस मिलिमीटरची आणि दहा मीटर लांब. तिच्यातून करंट वाढवला की व्होल्टेज तिच्यातच संपतं.

म्हणून गाडीच्या बॅटरीपासून वेगळी १६ चौरस मिलिमीटरची केबल ओढली, दोन्ही टोकांना फ्यूज घातले आणि ट्रेलरच्या पेटीजवळ २५ अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला. येणारं व्होल्टेज कमी-जास्त असलं तरी तो बॅटरीला हवं तेवढं, १४.४ पर्यंत, चढवून देतो. हल्लीच्या गाड्यांचे आल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच व्होल्टेज उतरवतात, तिथेही हाच कामी येतो. जुनी वायर फक्त फ्रिजला दिली, रिलेमार्फत, म्हणजे इंजिन बंद झालं की फ्रिज आपोआप सुटेल. काही ठिकाणच्या १३ पिनांच्या प्लगमध्ये ही दोन कामं मुळातच वेगवेगळ्या पिनांवर असतात, आणि ते शहाणपणाचं आहे. छतावर १०० वॅटचं सोलर पॅनल होतं, त्याच्या कोपऱ्यावर दुपारनंतर एसीच्या टोपाची सावली पडायची. ते दोन हात पुढे सरकवलं.

बॅटऱ्या मात्र त्याच ठेवल्या. गृहस्थांचा विश्वास बसेना, पण मी आग्रह धरला. रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस त्यांना तीन टप्प्यांच्या चार्जरवर ठेवलं. संध्याकाळी बाराही सेल १.२४० पर्यंत आले. १.२६५ झाले असते तर आनंद झाला असता, पण काही खडे जायचे नव्हतेच. मग मी दोघांना विचारलं, आजची रात्र इथेच, आवारात, बाहेरची वीज न लावता काढाल का? हीटर, मशीन, सगळं नेहमीसारखं चालवून.

मला रात्री नीट झोप लागली नाही. सहाला आवारात आलो तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी होती. ट्रेलरच्या दारात बाई शाल पांघरून उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या बाजूला मान केली. उघड्या दारातून मशीनचा बारीक, एकसारखा आवाज येत होता.

पेटीशी गेलो, मीटर लावला. पंखा बंद व्हायची वाट बघितली. १२.२. मी दोन बोटं वर करून त्यांना दाखवली, आणि पेटीचं झाकण आवाज होऊ न देता हळूच बसवलं.