अंगावरून वारं गेलं

परवा पहाटे पाचला मामांच्या हातातून कपबशी निसटली. तोंड वाकडं, जीभ जड. मामी म्हणाली, "पित्त उसळलं असेल, पडा जरा." आठला गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. तालुक्याला सीटी स्कॅन नाही. जिल्ह्याला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी हवाच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. आम्ही दोन तासांनी हुकलो. सलाईनचे तीन तास आठवले की अजून चिडचिड होते.

आज दिवसभर वॉर्डात बसून होते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे नातेवाईक कबुतराच्या रक्ताने मालिश करायचा पत्ता देत होते, तेही अगदी मनापासून! नाही म्हणताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

दुपारी मामांच्या सदऱ्याच्या खिशात बीपीच्या गोळ्यांची पट्टी सापडली. दहातल्या सात तशाच. "बरं वाटत होतं, म्हणून बंद केल्या," मामी म्हणाली. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळ्या! गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' या तिथल्या आरोग्यसंस्थेने मृत्यूंची कारणं शोधली, तर साधारण सातातला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला निघाला. आपण अजून हा शहरी, श्रीमंतांचा आजार समजतो.

संध्याकाळी फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मामांच्या हातात स्पंजचा बॉल दिला. अंगठा हलला, बाकीची बोटं नाही. मामी पदराने त्यांची लाळ पुसत म्हणाली, "आता गावाकडं हे रोज कोण करून घेणार गं?"