पेन्सिलीने आखलेली वाट

आमच्या घरात प्रवासाची एक वही असते. कोकणात जायचे असो वा काशीला, डावीकडे तारीख, मध्ये मुक्कामाचे गाव आणि उजवीकडे किलोमीटर असे तीन रकाने पाडून शाईच्या पेनाने सगळी आखणी लिहून काढण्याची माझी पद्धत आहे आणि तिची घरात यथेच्छ टिंगलही होते. पुढच्या जूनमध्ये आइसलंडला जाऊन भाड्याच्या गाडीने त्या बेटाला प्रदक्षिणा घालायचे ठरले, तेव्हा हीच वही पुढ्यात घेतली. देशाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता साधारण 1,322 किलोमीटरचा, म्हणजे पुण्याहून नागपूरला जाऊन परत येण्यापेक्षा थोडा कमीच. पाच दिवस पुष्कळ झाले, असा निर्वाळा मी देऊन टाकला.

‘‘पाच दिवसांत आपण नुसता रस्ता बघून येऊ,’’ सौभाग्यवती म्हणाल्या. मेहुण्यांचा आक्षेप तर मुळावरच होता. काळा कातळ आणि त्यावरून पडणारे धबधबेच बघायचे, तर माळशेज घाटात पावसाळ्यात काय कमी आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. तिथला दगड आणि आपल्या सह्याद्रीचा दगड एकच, बेसॉल्ट. त्या देशाच्या आग्नेय भागात स्वार्तिफॉस, म्हणजे ‘काळा धबधबा’, ज्या दगडी खांबांवरून कोसळतो, तसेच खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला इमारतींच्या गर्दीत उभे आहेत. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या की असे कोनदार खांब तयार होतात. फरक आहे तो वयाचा. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, केव्हाच निवालेला. तिकडे 1783 मध्ये लाकीच्या भेगेतून आठ महिने वाहिलेला लाव्हा अजून नुसता शेवाळाची दुलई पांघरून पडला आहे, आणि त्या दुलईवर पाय देऊ नये, ती भरून यायला कित्येक वर्षे लागतात, असे प्रवाशांना बजावून सांगतात. आमच्या मुलुखाचे बालपण बघायला चाललो आहे, असे मी मेहुण्यांना सांगितले. ते त्यांना फारसे पटलेले दिसले नाही.

खरी अडचण निघाली ती तिसऱ्या रकान्यात, किलोमीटरच्या. नकाशावरची रेघ जितकी ठाम दिसते, तितका तो रस्ता ठाम नाही. वात्नायोकुल या हिमनदीने देशाचा सुमारे आठ टक्के भूभाग व्यापला आहे आणि तिच्या बर्फाखाली जागे ज्वालामुखी आहेत. तिच्यातून वितळून येणारे पाणी दक्षिणेच्या काळ्या वाळवंटातून वाट्टेल तसे पसरत समुद्राला मिळते. तिथे पूल बांधणे इतके जिकिरीचे होते, की प्रदक्षिणेचा हा रस्ता 1974 मध्ये कुठे पूर्ण जोडला गेला. पुढे 1996 च्या सप्टेंबरअखेरीस बर्फाखाली उद्रेक झाला. वितळलेले पाणी महिनाभर बर्फाच्या पोटात साठत राहिले आणि 5 नोव्हेंबरला ते हिमखंडांसकट बाहेर पडले. एक पूल पुरता वाहून गेला आणि स्केइदारा नदीवरच्या जवळजवळ 900 मीटर लांबीच्या पुलाचाही काही भाग तुटला. अशा पुराला तिथल्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘हिमनदीची धाव’ असा होतो. वाहून गेलेल्या पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आज रस्त्याकडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. छायाचित्रात त्या ओले फडके पिळून टाकावे तशा दिसतात. पण मला अधिक मौज वाटली ती त्यापुढच्या हकिकतीची. दुरुस्त केलेला तो लांबलचक पूल दिमाखात उभा असताना हिमनदी मागे सरली आणि 2009 मध्ये पाण्याने आपले पात्रच बदलले. पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला आणि पुढे रस्ता जवळच्या एका छोट्या पुलावरून नेण्यात आला. जिथे नदीच पुलाला सोडून जाते, तिथे माझ्या शाईच्या रकान्यांची काय कथा!

मग मी पेन ठेवले आणि पेन्सिल घेतली. पाचाचे दहा दिवस केले. जूनमध्ये तिथे रात्र अशी होतच नाही, त्यामुळे ‘अंधार पडायच्या आत पोहोचणे’ हा माझा आवडता शेरा खोडून काढावा लागला. आतल्या डोंगराळ रस्त्यांना चारही चाकांना जोर देणारी गाडी सक्तीची आहे, म्हणून ते वगळले. ‘एइनब्रेइद ब्रू’ म्हणजे एकाच गाडीपुरता पूल, जो आधी पोहोचेल त्याने आधी जावे, हे समासात लिहिले. चढणीच्या गाडीला वाट देण्याच्या आपल्या घाटातल्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे जमायला हरकत नाही. गाडीच्या विम्यात वाळू आणि राख यांचे वेगळे कलम असते, हे वाचून मात्र मी थांबलो. काळ्या वाळवंटात वादळ उठले की गाडीचा रंग खरवडून निघतो आणि बेसावधपणे दार उघडले तर वारा ते बिजागरीतून उपटतो म्हणे.

पुण्यात आम्ही वाऱ्याचा विमा कधी उतरवला नव्हता. तो उतरवायचा ठरला. सातव्या दिवसासमोर मुक्कामाचे नाव न लिहिता नुसते ‘वारा’ असे लिहून रकाना मोकळा सोडला. सौभाग्यवतींनी वही तपासली, त्या शब्दाखाली बारीक अक्षरात ‘चिवडा, दोन डबे’ अशी भर घातली, आणि ती मात्र शाईने.