पुणे ते सावंतवाडी, तीस मिलीच्या हिशोबाने

जुलैचा दुसरा रविवार हा जगभरातल्या जावा-येझदी मोटारसायकलवाल्यांचा दिवस. त्या दिवशी पावसात शहरातून एक फेरी होते, फोटो निघतात आणि जेवायच्या वेळेला सगळे घरी पोचतात. आमच्या जावा-येझदी मंडळाचं खरं संमेलन मात्र जानेवारीत, पुणे ते सावंतवाडी. साडेतीनशे किलोमीटरांहून थोडा जास्त रस्ता, दोन दिवस, मध्ये कोल्हापूरचा मुक्काम. त्या सहलीचा विषय निघाला की आधी रस्ता आठवत नाही. आठवते ती आदली संध्याकाळ: अंगणात ओळीने स्टँडवर लावलेल्या गाड्या, जुन्या वर्तमानपत्रावर मांडलेले नट-बोल्टचे पाने, आणि पेट्रोलमध्ये ऑइल पडताना येणारा तो गोडसर वास.

या गाड्यांना इंजिनासाठी वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमधून जाईल तेवढंच पिस्टनला मिळतं, म्हणून सहलीचा पहिला विधी मापाचा. एका लिटरला ३० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल हे आमचं ठरलेलं प्रमाण. गाडी लिटरला ३० किलोमीटर देते असं धरलं तर एकीला साधारण १२ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे ३६० मिली ऑइल. १२ गाड्या असल्या की सव्वाचार लिटरांहून थोडं जास्त. पूर्वी पंपावर ऑइल घालून मिळायचं, आता त्याचा भरवसा नाही, तेव्हा ऑइल घरूनच न्यायचं. मापाला लहान मुलांची दुधाची बाटली सगळ्यात उत्तम, कारण मिलीच्या खुणा ठळक असतात. नवखा माणूस ऑइल थेट टाकीत ओततो, तिथे त्याला थांबवायचं. थंडीत ते तळाशी बसतं, टाकीखालचा कॉक उघडला की नुसतं ऑइलच कार्बोरेटरमध्ये उतरतं आणि स्पार्क प्लग ओला होतो. आधी कॅनमध्ये थोडं पेट्रोल, त्यात ऑइल, झाकण लावून चांगलं हलवायचं आणि मग टाकीत.

मिश्रण झालं की गाड्यांकडे वळायचं. बहुतेक गाड्या म्हैसूरच्या कारखान्यातल्या. १९६१ पासून तिथे जावा तयार होऊ लागली, १९७३ पासून तीच येझदी झाली, १९७८ला रोडकिंग आली आणि १९९६ला कारखाना बंद पडला. म्हणजे सगळ्यात धाकटी गाडीसुद्धा तिशीच्या घरात. ६५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ स्ट्रोक (पिस्टनची धाव), एक सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर. गिअरचा दांडा आत दाबून मागे वळवला की त्याचीच किक होते. हे पहिल्यांदा पाहणाऱ्या लहान मुलाचा चेहरा बघावा, दरवर्षी कुणा ना कुणाचं मूल असतंच.

तपासणीत पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांचा, गॅप ०.४ मिलिमीटर. फीलर गेजची मापाची पट्टी घालून पाहायचा, नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने नाही. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरची एक घडी त्यांच्यामधून ओढायची आणि मग कोरा कागद, म्हणजे भुकटी राहत नाही. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून काजळी खरवडायची. हे काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं आणि साताऱ्याच्या अलीकडे खंबाटकी घाटाच्या चढावर त्याची किंमत मोजावी लागते. धुराला बाहेर पडायला वाट नसली की गाडी दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकते, आणि मालक बिचारा कार्बोरेटर उघडून बसतो. सोबतच्या पिशवीत प्रत्येकी दोन प्लग, एक कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा विजेचा भाग), क्लचची आणि ॲक्सिलरेटरची वायर, चेन लॉक, ट्यूब, सहा व्होल्टचा बल्ब. आणि अंघोळीच्या साबणाची वडी. जुनी टाकी शिवणीजवळ पाझरू लागली तर तिथे साबण दाबून घासायचा. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, त्यामुळे मुक्कामापर्यंत गळती थांबते. त्याआधी कॉक बंद करून सांडलेलं पेट्रोल पुसायचं आणि जवळ विडी-काडी कुणालाही ओढू द्यायची नाही.

सकाळी निघताना क्रम ठरलेला असतो: सर्वांत कमकुवत गाडी पुढे, हत्यारांची पिशवी असलेली सर्वांत मागे. पुढची ज्या वेगाने जाईल तोच सगळ्यांचा वेग, ५० ते ६०. महामार्गावर ट्रकसुद्धा मागे टाकून जातात, जाऊ द्यावेत. पहिला थांबा ५०-६० किलोमीटरवर, मग कुणाला चहा नको असला तरी. कारण बरेचसे दोष गाडी पूर्ण तापल्यावरच दिसतात. कंडेन्सर त्यातला मुख्य. थंड असताना गाडी पहिल्या किकेला सुरू होते, तासभर सुरेख चालते, मग फटफट करत बंद पडते आणि अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू होते. पॉइंटचं झाकण काढून किक मारल्यावर तिथे मोठी पांढरट निळी ठिणगी उडताना दिसली की निदान पक्कं. कंडेन्सर बदलायला दहा मिनिटं लागतात.

प्लगही इथेच काढून पाहायचा. चहाच्या रंगाचा असेल तर चिंता नाही. पांढरा फटक असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय. उजव्या बाजूचं, डायनामोकडचं ऑइल सील आधी संशयात. तसंच दामटलं तर पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. धरण्याआधी गाडी सांगते: आवाज बारीक होतो, ॲक्सिलरेटर तेवढाच असून वेग उतरतो, जणू कुणी मागून ओढतंय. त्या क्षणी क्लच दाबायचा आणि कडेला घ्यायची. पाणी ओतायचं नाही, किक मारायची नाही. निदान अर्धा तास थांबून प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं आणि दांडा हाताने हळूहळू फिरवून पाहायचा. उलट धूर दाट पांढरा येत असेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर डावं सील गेलं. त्यावर गाडी कोल्हापूरपर्यंत येते, फक्त मध्ये पातळी बघत राहायचं.

कोल्हापूरला संध्याकाळ दोन गोष्टींत जाते, तांबडा-पांढरा आणि उद्यमनगर, म्हणजे वर्कशॉपची वस्ती. लेथवर एखादा बुश करून घ्यायचा असो की सिलिंडर बोअर करायचा असो, तिथले मिस्त्री गाडीचा आवाज ऐकूनच अर्धं काम ओळखतात. त्यांच्याशी बोलायला मिळावं म्हणून तरी मुक्काम तिथेच हवा.

दुसऱ्या दिवशी निपाणी, उत्तूर, आजरा. उसाच्या फडांमधला हा रस्ता सगळ्यांचा लाडका. पुढे आंबोली, सुमारे ६९० मीटर उंचीवर, आणि तिथून घाट उतरायचा. चढापेक्षा उतार या गाड्यांना जास्त घातक. ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी उतारावर सोडली की चाकं इंजिनाला फिरवत राहतात, पण पेट्रोल जेमतेम येतं, म्हणजे ऑइलही जेमतेमच. पिस्टन जवळजवळ कोरडा पळतो. म्हणून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग ३०-३५, आणि प्रत्येक मोठ्या वळणाआधी क्लच दाबून ॲक्सिलरेटरला एक हलका झटका. भुर्र आवाज झाला की तेवढ्याने घोटभर ऑइल आत जातं. ब्रेक पुढचा-मागचा आलटून पालटून, नाहीतर ड्रम तापतात आणि पॅडल पायाखाली मऊ लागू लागतं. धबधब्याजवळ सक्तीचा थांबा. ड्रमला हात लावायचा नाही, जवळ नेला तरी धग कळते. बारा गाड्या एकामागून एक, अशा भुर्र भुर्र करत दाणोलीकडे उतरतात, तो आवाज दरीतून परत येतो. या सहलीत त्याहून सुंदर दुसरं काही नाही.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी पोचलं की शेवटचं काम. मुक्कामाच्या अलीकडे दोनेकशे मीटरवर सगळ्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरमध्ये उरलंय तेवढ्यावर गाडी न्यायची. कॉक चालू राहिला तर फ्लोटच्या सुईतून पेट्रोल रात्रभर झिरपतं, इंजिनाच्या तळाशी साचतं आणि सकाळी किक मारून पाय दुखले तरी गाडी उठत नाही. कुणाची गाडी फाटकातच थांबते, कुणाची पायरीशी, एखादी तलावाच्या काठावरच. तिला दोघं मिळून ढकलत आत आणतात.