शेवळं, काकडं आणि चार ओळी

"अशी कशी पोस्ट लिहितेस गं, की ती वाचून लोक ईमेलसुद्धा देतात?" महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी मला हे विचारतं. मी दर गुरुवारी बाजारातल्या भाज्यांवर एक पत्र ईमेलने पाठवते. न्यूजलेटर म्हणा हवं तर. ते मागवणारे बहुतेक जण फेसबुकवरच्या किंवा ट्विटरवरच्या (एक्स म्हणायला जीभ वळत नाही) माझ्या चार-पाच ओळी वाचून आलेले असतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पहिलं वर्षभर मी नुसती दवंडी पिटत होते. "नवीन पत्र आलं आहे! या वेळी वाचा शेवळांबद्दल सर्व काही. लिंक खाली." शेवळं म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारी रानभाजी. पोस्टखाली पाच अंगठे, त्यातले तीन घरचे.

मग एका जूनमध्ये घाईघाईत, लोकलमध्ये उभ्याउभ्या हे लिहिलं:

"ठाणे स्टेशनबाहेर शेवळं आली. त्याच बाईकडे हिरव्या गोट्यांसारखी काकडं असतात, ती घेतल्याशिवाय हलू नका. शेवळं घशाला खाजतात, काकडांच्या आंबटपणाने ती खाज मरते. आतला पिवळा भाग आधी काढून टाका. काकडं नाहीच मिळाली तर चिंच."

लिंक टाकायची राहूनच गेली. तरी दुपारपर्यंत लोक विचारायला लागले की तुम्ही हे आणखी कुठे लिहिता का. सगळं पोस्टमध्येच सांगून टाकलं तर पत्रात काय उरणार, ही माझी जुनी भीती. उरलं की! खाज का येते (कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक), सोडे (सुकवलेली कोळंबी) कधी घालायचे, भाजी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली का लागते. पोस्ट वाचून कुणी पत्र मागवलं नाही तरी त्याच्या घरी त्या रात्री भाजी नीट झाली पाहिजे, एवढंच मी बघते. अर्धवट सांगून "पुढचं पत्रात" म्हणणाऱ्याचा मला स्वतःलाच राग येतो.

पहिल्या ओळीवर मात्र मी जीव टाकते. फेसबुक काही ओळींनंतर पुढचं झाकून ठेवतं, त्यामुळे "नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे" यात उघडी जागा संपते आणि शेवळं झाकली जातात. ट्विटरवर तर मराठीची वेगळीच पंचाईत. नोव्हेंबर 2017 मध्ये अक्षरांची मर्यादा 140 वरून 280 झाली खरी, पण तिथे काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी मोजली जाते. "स्वातंत्र्य" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, ट्विटर अकरा मोजतं. लिंक कितीही लांब असो, तिचे तेवीस. म्हणून मी तिथे जोडाक्षरं टाळते. "आम्लता" खोडून "आंबटपणा" लिहायला गेले, तर हा एकाने जास्तच भरला. तरी तोच ठेवला. बाजारात आम्लता कोण म्हणतं?

लिंक आता टाकते, पण शेवटी किंवा पहिल्या कमेंटमध्ये. आपली माणसं बाहेर गेलेली कुठल्याच मंचाला आवडत नाहीत. एप्रिल 2023 मध्ये सबस्टॅक या न्यूजलेटर पाठवायच्या सेवेची लिंक असलेली ट्वीटं काही दिवस लाइक किंवा रीट्वीटच करता येत नव्हती. ट्विटरने जानेवारी 2021 मध्ये रेव्ह्यू ही न्यूजलेटरची सेवा विकत घेतली आणि दोन वर्षांत बंदही केली. तेव्हापासून वाचकांची यादी मी दर महिन्याला उतरवून घेते, दुकानाची वही रात्री घरी आणतात तशी.

गाजण्याच्या मागे लागू नका, हे मी भांडून शिकले. एकदा सहज विचारलं, उपासाच्या बटाट्यात कोथिंबीर चालते का? तीन दिवस रणकंदन. कोकण, देश, विदर्भ, सगळे तलवारी काढून हजर; एकाने तर माझी जातही काढली. एवढ्या गर्दीतून पत्र मागवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. भांडायला आलेला माणूस भांडून घरी जातो, त्याला गुरुवारी माझी आठवण कशाला येईल?

त्यापेक्षा वाचकांच्या उत्तरांवरून लिहिलेल्या पोस्ट फार कामाच्या. "गेल्या गुरुवारच्या पत्रात टाकळ्याबद्दल लिहिलं, तर वसईच्या एका आजींनी कळवलं की कोवळा पालाच घ्यायचा, फूल धरलं की टाकळा सोडायचा." बस, एवढंच. यात पत्राची जाहिरात कुठे दिसत नाही, पण ते गुरुवारी येतं आणि तिथे आजी उत्तरं पाठवतात, हे कळतं. या एका वळणाने जेवढी माणसं आली तेवढी दुसऱ्या कशाने नाही. आपल्याकडे ईमेल म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि ओटीपी. तिथे कुणीतरी गप्पा मारतं, हे आधी पटावं लागतं. (पटलं तरी जीमेल पत्र प्रमोशन्समध्ये टाकतं ते वेगळंच. नव्या माणसाला माझी पहिली विनंती हीच असते, की तिथून मला बाहेर काढा.)

आणखी एका कारणासाठी पत्राचा उल्लेख वाक्याच्या पोटात घालते. तळाशी "दर गुरुवारी, मोफत" आणि माझं नाव लिहायचे, तेव्हा व्हॉट्सॲपवर जाताना नेमकं तेवढंच कापलं जायचं. शेवळांची ती पोस्ट महिन्याभरात मलाच परत आली, आत्याकडून. "बघ, कुणीतरी किती छान लिहिलंय. तूही असं लिहीत जा." मी म्हटलं, आत्या, ते माझंच आहे. ती म्हणाली, असेल गं, पण यात नाव नाही.

यंदाही जूनमध्ये तिने तीच पोस्ट पाठवली. या वेळी खाली नाव होतं, कुणा आयुर्वेदाचार्यांचं.