कापिसची सून

"तुमच्या सासरी म्हणे रात्री माणसं खाणाऱ्या बायका असतात, खरं का?" हा प्रश्न माहेरी हळदीकुंकवाला येतो तसाच इकडे फिलिपिन्समध्ये, मनिलातही येतो. नवऱ्याने पानाय बेटावरच्या कापिस प्रांताचं नाव घेतलं की टॅक्सीवालासुद्धा आरशातून त्याच्याकडे बघतो. मग म्हणतो, "म्हणजे आस्वांग तुमच्या ओळखीचेच!" आस्वांग म्हणजे त्याच, रात्री माणसं खाणाऱ्या. नवरा हसून घेतो. मला नाही जमत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

कमरेतून धड तोडून उडणारी, छपरातून लांब जीभ सोडून पोटातलं मूल शोषणारी बाई तुम्हाला व्हिडिओंमुळे पाठ आहे. ती आली कुठून, हे कुणी विचारत नाही. १५८९ मध्ये हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश धर्मगुरूने मनिलाकडच्या तागालोग लोकांच्या चालीरीती लिहून काढल्या. त्यात सैतानाच्या पुजाऱ्यांची यादी आहे. पूजाविधी करणारे कातालोनान आणि माणसं मारून मांस खाणारा ओसुआंग, म्हणजे आपला आस्वांग, दोघं एकाच रांगेत बसवलेत. वर लिहिलंय की हे ओसुआंग विसाया बेटांवर असतात, तागालोगांत नसतात. पानाय त्या विसाया बेटांतलंच. म्हणजे बोट तेव्हाही दुसऱ्याच्या बेटाकडेच होतं. आमच्याकडे!

जुन्या पुजारणींना, बाबायलानना, मिशनऱ्यांनी राक्षसीण ठरवलं, असं एक मत आहे. मला ते मनापासून पटावंसं वाटतं. पण मलायातली पेनांगालान आणि थायलंडची क्रासुए यांचीही मुंडकी आतडी लोंबवत उडतात, आणि थायलंडवर स्पेनचं राज्य कधी नव्हतं.

मग दुसरं कारण. ते सांगायचं तर मामेसासऱ्यांबद्दल सांगावं लागतं.

ते मासेमार. चाळिशीनंतर त्यांची मान एका बाजूला ओढली जायला लागली, जबडा आपोआप उघडायचा, जीभ बाहेर यायची. तिकडे याला लुबाग म्हणतात. १९७६ मध्ये डॉ. लिलियन ली आणि सहकाऱ्यांनी पानायमधल्या या आजारावर लिहिलं. तो एक्स गुणसूत्रातून आईकडून मुलाकडे जातो, आणि कापिसमध्ये त्याचे रुग्ण जगात सर्वात जास्त आहेत.

मी गरोदर होते, दिवस भरत आले होते. संध्याकाळी मामा बादलीभर मासे घेऊन आले आणि जिन्याच्या खालीच उभे राहिले. सासूबाई वरून हाका मारत होत्या. त्याच वेळी माझ्या सोबतीला आलेल्या शेजारीणबाईंनी खिडकीशी पाकटाची वाळलेली शेपटी अडकवली. आस्वांगला ती चालत नाही. मामांनी ते पाहिलं. त्यांनी मूठ हनुवटीखाली दाबली आणि तोंड मिटून धरलं, कारण हाताने आधार दिला की जबडा थोडा वेळ ऐकतो. मी कठडा धरून खाली उतरायला लागले, तर त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं. मान हलतच होती, पण ती नाही म्हणायला हलत होती की आजाराने, ते कळत नव्हतं. मी आणखी एक पायरी उतरले. ते मागे सरले. मी घाबरले नव्हते, ते घाबरले होते, माझ्या पोटाकडे बघून. बादली तिथेच ठेवून गेले. ऐकून ऐकून त्यांना स्वतःबद्दलच शंका यायला लागली होती का? मला विचारता आलं नाही. बारशाच्या जेवणालाही ते आले नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येकाला ठणकावून सांगायचे, आस्वांग म्हणजे लुबाग, विषय संपला. आज तितक्या ठामपणे नाही सांगता येत. लुबाग बहुतेक पुरुषांना होतो, गोष्टीतली मात्र बहुधा बाई असते, तीही दिवसा देखणी. लुझोन बेटावरच्या बिकोल भागातही आस्वांग आहे. तिथल्या कथेत तो मालिनाओ डोंगरावर राहणारा दुष्ट देव आहे. आजाराने गोष्ट जन्माला घातली नसेल. गोष्ट आधीच होती आणि तिला मामांचा चेहरा सापडला, असंही असेल. आणि पोटातली मुलं जातच होती, त्याचा जाब कुणाला तरी विचारायचा होता, हेही आहेच.

नवरा मामांचा सख्खा भाचा आहे. चाळिशी जवळ आलीय, तपासणी त्याने केलेली नाही, आणि तो निर्णय त्याचा आहे. त्याच्या पापण्या जरा जास्त फडफडल्या की मी बघत बसते. म्हणून मला हसू येत नाही. चिडते आहे असं वाटलं तर वाटू दे.

मुलाला आस्वांगच्या गोष्टी मी सांगते. टिकटिक आवाज लांबून आला म्हणजे ती जवळ आहे, हे ऐकून तो पांघरुणात शिरतो आणि पुन्हा सांग म्हणतो. कापिसचं नाव मात्र मी गाळते. सासूबाईंना हे अजिबात मान्य नाही. त्यांचं म्हणणं, गोष्ट आपली आहे, लाज वाटण्यासारखं काय त्यात, गावाचं नाव घेऊनच सांग. फोनवर दर वेळी आमचं यावरून वाजतं.